वाशीची पट्टी आणि माझं इन्व्हॉइस

"पट्टी इली काय गो?" बाबा असं मला विचारतात तेव्हा ते आंब्याबद्दल बोलत नसतात, माझ्या इन्व्हॉइसबद्दल विचारत असतात. आमच्याकडे देवगडात वाशीच्या बाजारात पेट्या पाठवल्या की तिथला दलाल विक्रीचा हिशोब कागदावर करून पाठवतो, किती डझनाची पेटी केवढ्याला गेली, भाडं किती, हमाली किती, हातात राहिलं किती, त्या कागदाला पट्टी म्हणतात. आणि पट्टी आली म्हणजे पैसे आले असंही नसतं. मी इंग्रजी-मराठी भाषांतराची फ्रीलान्स कामं घ्यायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि या धंद्याचं जे काही गणित मला कळलंय ते बऱ्यापैकी या पट्टीवरून कळलंय, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

मी ठाण्याला एका कंपनीत मराठी कंटेंटचं काम करायचे, पगार १९ हजार, त्यातले साडेसात रूमचे जायचे. मार्च २०२० मध्ये गाड्या बंद व्हायच्या दोन-तीन दिवस आधी कोकणकन्या पकडून कणकवलीला उतरले ती इथेच राहिले. पाच महिने घरून काम केलं, घरून म्हणजे सड्यावरून, गावाच्या वरच्या कातळाच्या माळावरून, कारण आमच्या वाडीत तेव्हा रेंज नव्हती आणि वर सड्यावर राखणीची खोपी आहे तिथे फोनला चार दांड्या यायच्या. सकाळी लॅपटॉप, पाण्याची बाटली आणि भाकरी घेऊन वर जायचं, बॅटरी संपली की खाली यायचं. ऑगस्टमध्ये कंपनीचा मेल आला की पुढच्या महिन्यापासून काम नाही. त्या दिवशी मी आईला संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. बाबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले की अजून तीन-चार महिने बघ, मोहोर धरेपर्यंत, मग ठरव.

पहिलं काम ६० पैसे शब्दाने घेतलं. एका एजन्सीचं, साड्या विकणाऱ्या वेबसाइटचं, ३,९०० शब्द, म्हणजे २,३४० रुपये. तीन दिवस रात्री दीडपर्यंत जागून केलं. ते पैसे पन्नास दिवसांनी खात्यात आले तेव्हा मी मेसेज चार वेळा उघडून बघितला, खोटं कशाला सांगू, रडायला आलं होतं. रक्कम लहान होती पण ती मला कुणी पगार म्हणून दिलेली नव्हती, मी लिहिलेल्या शब्दांची होती.

पण त्याच महिन्यात फसले पण. एका ठिकाणाहून 'टेस्ट' आली, फुकट करायची, पास झालात तर मोठा प्रोजेक्ट. टेस्ट साधारण दोनशे-तीनशे शब्दांची असते हे तेव्हा माहीत नव्हतं, मला २,८०० शब्द आले होते आणि मजकूर मध्येच सुरू होऊन मध्येच संपत होता. मी केलं, पाठवलं, उत्तरच नाही. नंतर ओळखीच्या एका मुलीशी बोलताना कळलं तिलाही तिथूनच टेस्ट आली होती, आणि तिचा मजकूर माझा जिथे संपला तिथून सुरू होत होता. एकाच पुस्तिकेचे तुकडे करून दहा जणांना टेस्ट म्हणून वाटले की आख्खं काम फुकटात होतं. तेव्हापासून तीनशेच्या वर एक शब्द फुकट करत नाही आणि नवीन मुलींना हे पहिलं सांगते.

शब्दांच्या मोजणीचं पण असंच शिकत गेले. माझ्या दुसऱ्या क्लायंटने मराठी शब्द मोजून पैसे दिले. मला वाटलं शब्द तो शब्द, इंग्रजीतला काय मराठीतला काय. मग एका संध्याकाळी मूळ फाईल मोजून बघितली तर इंग्रजीत ५,००० च्या वर शब्द आणि माझे मराठी जेमतेम चार हजार. साधी गोष्ट आहे, 'इन फ्रंट ऑफ द हाऊस' हे तिकडे पाच शब्द झाले, आपण 'घरासमोर' लिहून मोकळे. आपले सगळे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे मराठी मोजली की भाषांतर करणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. मूळ इंग्रजीचे शब्द मोजायचे, हे आता मी दराच्या आधी लिहून घेते. वर पुन्हा सॉफ्टवेअरवाले असतात ते आधी केलेल्या वाक्यांशी जुळणारं वाक्य आलं की त्याचे अर्धेच पैसे लावतात, त्याला फझी मॅच म्हणतात, आणि हुबेहूब तेच वाक्य पुन्हा आलं तर कधी काहीच नाही. हे पण आधी विचारायचं. विचारलं की काम जाईल अशी भीती वाटते, मला पहिली दोन वर्षं वाटायची, पण विचारलं म्हणून माझं एकही काम गेलेलं नाही.

गावात हे काम समजावणं वेगळंच. नोकरी गेली आणि पोरगी घरात बसली, एवढंच दिसतं लोकांना. सकाळी कुणीतरी यायचं, आधार कार्डाची झेरॉक्स, रेशनचा फॉर्म, मोबाईलवरून लाईटबिल, आणि मी करायचे कारण नाही म्हणवत नाही, सगळी काका-काकीच. "घराकच असतंस मां, मगे येवक काय झाला?" हे वाक्य मी हळदीकुंकवापासून बारशापर्यंत सगळीकडे ऐकलंय. गणपतीत तर विचारू नका. मुंबईचे सगळे चाकरमानी उतरले की टॉवरवर एवढा लोड येतो की दुपारी मेलसुद्धा उघडत नाही, आणि घरात पंधरा माणसं, आरत्या, मोदक, त्यात मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले की वाईट दिसतं. शेवटी मी गणपतीचे सात दिवस कामच घ्यायचं बंद केलं, क्लायंटना महिनाभर आधी कळवते. त्या सात दिवसांचे पैसे जातात, जाऊ देत. आरती चालू असताना मी डेडलाईन बघत बसणार असेन तर मग गावात राहून उपयोग काय.

पैशाचं सांगते कारण नवीन माणूस तिथेच मोडतो. माझा एक महिना १,१०० रुपयांचा गेलाय आणि एक ६१ हजारांचा. नोकरीची सवय लागलेल्या माणसाला हे झेपत नाही, मला नाही झेपलं, ६१ हजार आले त्या महिन्यात मी खुर्ची घेतली, आईला मिक्सर घेतला, चुलतभावाला वीस हजार उसने दिले आणि पुढचे दोन महिने काही आलंच नाही. तेव्हा बाबांनी त्यांची वही काढून दाखवली. मी लहानपणापासून ती वही बघत आलेय पण आत काय असतं ते कधी वाचलं नव्हतं. आमची आंब्याची १४० कलमं आहेत. पैसे येतात एप्रिल-मे मध्ये, ते पण सगळे येत नाहीत. त्या पैशांचे बाबा जूनच्या पहिल्या आठवड्यात भाग पाडतात. आधी आगोट, म्हणजे पावसाळ्याचे तांदूळ, कडधान्यं, तेल, सुकी मासळी, लाकडं. मग कलमांचं खत. मग कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून झाडाला द्यायचं औषध. मग मोहोर आल्यापासूनच्या फवारण्या, त्याला सगळ्यात जास्त. मग राखणीच्या नेपाळी गड्याचा पगार. मग आजारपण. आणि हे सगळं बाजूला काढून जे उरतं त्याला बाबा "खर्चाचे" म्हणतात. ज्या वर्षी आंबा चांगला होतो त्या वर्षी खर्चाचे वाढत नाहीत, पुढच्या वर्षाच्या फवारणीचे वाढतात, हे मला त्या वहीत नीट दिसलं, २०१५ पासूनची पानं होती.

म्हणजे आमच्या घरात महिन्याचा पगार कधी नव्हताच. मी ठाण्याला चार वर्षं नोकरी केली तेवढाच काय तो. अनियमित पैशावर घर कसं चालवायचं हे ज्यांना येत होतं त्यांच्या शेजारी बसून मी इंटरनेटवर फ्रीलान्सरचं बजेट कसं करावं ते शोधत होते.

मी पण तसंच करायला लागले. जे येईल त्यातून आधी वर्षाचा नेट आणि लॅपटॉपचा भाग, मग आयकराचं रिटर्न भरून देणाऱ्यांची फी, मग सहा महिन्यांचा घरातला माझा वाटा, उरलेले माझे. एक गोष्ट मात्र बाबांच्या वहीत नव्हती ती मला स्वतः शिकावी लागली, ती म्हणजे नेट ४५. एजन्सी म्हणते इन्व्हॉइसनंतर ४५ दिवसांनी पैसे. ऐकायला दीड महिना वाटतो. पण इन्व्हॉइस महिनाअखेरीस एकच करायचं असतं, त्यामुळे २ तारखेला केलेल्या कामाचे पैसे अडीच महिन्यांनी येतात, ते पण वेळेवर दिले तर. आणि त्यातून काही जण दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, कापून देतात, मला पहिल्यांदा वाटलं माझे पैसे खाल्ले. देवगडातल्या एका अकाउंटंटने समजावलं की ते सरकारात माझ्या पॅनवर जमा होतात, २६एएस नावाच्या कराच्या तक्त्यात दिसतात, उत्पन्न कराच्या मर्यादेत बसत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात. दुसऱ्या वर्षी मला असे १८ हजार परत आले. एका एजन्सीने मात्र कापले आणि भरलेच नाहीत, त्यांच्या मागे सात महिने मेल करत होते. त्यामुळे आता दर तीन महिन्यांनी बघते कुणाचे दिसतायत, कुणाचे नाहीत.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, ती पण त्या अकाउंटंटनीच करायला लावली. ही सरकारी साइटवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, अर्धा तास लागला. फुकट हे मुद्दाम लिहितेय कारण तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट दोन-तीन हजार मागतात आणि आमच्या वाडीतल्या एकाने भरले पण. फायदा असा की छोट्या उद्योगाकडून काम करून घेणाऱ्याने त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ च्या कायद्यात आहे, उशीर झाला तर व्याज लागतं. मी अजून कुणावर तक्रार केलेली नाही, पण इन्व्हॉइसवर उद्यम नंबर छापायला लागल्यापासून दोन जणांचे पैसे न मागता यायला लागले. जीएसटीचं मात्र घाबरू नका, कुणीतरी नंबर मागतं आणि आपण दचकतो. सेवेचं काम वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, तसं एका ओळीत कळवायचं.

आता तौक्ते वादळाचं. १६ मे २०२१, रविवार होता. माझ्याकडे एक बँकिंग ॲपचं काम होतं, १४ हजार शब्द, मंगळवारी द्यायचं, त्यातले ११ हजार झाले होते. वादळ येणार हे दोन दिवस आधीपासून सांगत होते, आम्ही कौलांवर झापं बांधली, गुरं आत घेतली, मी लॅपटॉप फुल चार्ज केला आणि मला वाटलं झालं. शनिवारी रात्रीपासून जो वारा सुटला तो रविवारी दुपारपर्यंत. पडवीचे नळे उडाले. मागच्या माडाचा शेंडा गोठ्यावर आला. बाबा दार धरून उभे होते आणि बाहेर कलमांच्या फांद्या मोडल्याचा आवाज येत होता, एकेक आवाजाला ते कुठलं कलम असेल ते सांगत होते, "ह्या बावेवरचा... ह्या आजोबांनी लावलेला". शेवटचा आंबा झाडावर होता, सगळा खाली. नंतर जो धड होता तो वेचून कॅनिंगला दिला.

लाईट गेली ती आमच्याकडे नऊ दिवस आली नाही, टॉवर बंद, सड्यावर पण रेंज नाही. मला कुणाला कळवताच येईना की मी जिवंत आहे पण फाईल देऊ शकत नाही. मंगळवारी भाऊ मला बाईकवर घेऊन निघाला, लॉकडाऊन होताच, जागोजाग झाडं पडलेली, दोन ठिकाणी बाईक उचलून पलीकडे घेतली, कणकवलीला मावशीकडे पोचलो तेव्हा चार वाजले होते. तिथे इन्व्हर्टर होता. फोनला रेंज आल्याआल्या अकरा मेल धडाधड आले, शेवटचा होता की तुम्ही उत्तर देत नसल्यामुळे काम दुसऱ्याला दिलंय. मी केलेले ११ हजार शब्द पाठवले, वादळाचे फोटो पाठवले, बातमीची लिंक पाठवली. त्यांनी लिहिलं की पूर्ण फाईल न मिळाल्याने पेमेंट होणार नाही. एक पैसा दिला नाही. आणि दोन महिन्यांनी मी त्या ॲपमध्ये जाऊन बघितलं तर माझी वाक्यं होती, मला माझी वाक्यं ओळखता येतात.

त्या आठवड्यात मी सोडून द्यायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं, ठाण्याच्या मैत्रिणीला रूमचं विचारून झालं होतं. बाबांना मी हे अंगणात सांगितलं, ते तेव्हा मोडलेल्या कलमाची फांदी करवतीने साफ कापून त्याला बोर्डोपेस्ट, म्हणजे झाडाच्या जखमेवरचं बुरशीनाशक, लावत होते. वर न बघताच म्हणाले, "होया तर जा. पण ह्या झाडाक आता दोन वर्सा आंबो येवचो नाय, तरी मी पेस्ट लावतंय मां." आणि पुन्हा कामाला लागले. मी गेले नाही. त्या पावसात इन्व्हर्टर घेतला, आणि तेव्हापासून मोठं काम तुकड्यातुकड्याने देते, रोज संध्याकाळी झालं तेवढं पाठवून, तीन टप्प्यांत बिल.

त्यानंतरच्या वर्षी जे काम आलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. शेतकऱ्यांसाठीचं एक ॲप होतं, आंब्याचा भाग मराठीत करायचा होता. आधी कुणीतरी केलेलं भाषांतर क्लायंटला पसंत पडलं नव्हतं. मी फाईल उघडली आणि माझ्या लक्षात आलं की यातला प्रत्येक शब्द आमच्या पडवीत बोलला जातो. हॉपर म्हणजे तुडतुडे. थ्रिप्स म्हणजे फुलकिडे. पावडरी मिल्ड्यू म्हणजे भुरी, अँथ्रॅक्नोज म्हणजे करपा. स्पाँजी टिश्यूला आधीच्या माणसाने 'स्पंजसारखी ऊती' लिहिलं होतं, आणि देवगडातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे की त्याला साका म्हणतात, हापूस वरून सुंदर दिसतो आणि कापला की आत पांढरट, आंबट गर. रात्री जेवून झाल्यावर मी एकेक वाक्य बाबांना वाचून दाखवायचे. एका ठिकाणी होतं की ८५ टक्के पक्वतेला फळं काढावीत. मी तसंच लिहिलं होतं. बाबा म्हणाले, "आंबो काय टक्क्यात पिकता? चवदा आणे म्हण." आमच्याकडे आंबा तयार झाला की नाही ते आण्यात मोजतात, सोळा आणे म्हणजे झाडावर पिकायला आलेला, आणि काढायचा तो चौदा आण्याला, देठाजवळ खांदे भरले की. मी लिहिलं 'चौदा आणे तयार (८५ टक्के) झाल्यावर देठासकट काढा' आणि शेजारी क्लायंटसाठी चार ओळींची नोंद केली की असं का.

तिसऱ्या दिवशी तिकडून फोन आला. फोन, मेल नव्हे. त्यांच्याकडे एक कृषीवाले सर होते ते स्वतः बोलले, दापोलीला शिकलेले, म्हणाले चौदा आणे कुणी लिहिलं? मी सांगितलं बाबांनी. त्यांनी मग नारळ, सुपारी, काजू सगळं मला दिलं, आणि दर मी न मागता दोन रुपये केला. ६० पैशांवरून दोन रुपयांवर यायला मला दोन वर्षं लागली आणि त्याला कारण माझी डिग्री नव्हती. बाबांचं नाव मी त्यांना कळवून भाषा सल्लागार म्हणून लावून घेतलं आणि पाच हजार रुपये त्यांच्या खात्यात जमा झाले, बाबांनी ते पासबुकात छापून आणले आणि तीन दिवस पासबुक देवाजवळ होतं.

मग २०२३ पासून मशीनचं सुरू झालं. आता बऱ्याच एजन्सी मशीनकडून भाषांतर करून घेतात आणि आपल्याला फक्त सुधारायला देतात, दर तिसरा हिस्सा. वरून बघितलं तर वाक्य गुळगुळीत असतं म्हणून लोकांना वाटतं झालंच आहे. मला एक फाईल आली त्यात 'दगड कडक झाल्यानंतर पाणी द्यावे' असं होतं, तो दगड म्हणजे आंब्याची कोय, आमचा बाठा. अजून एक डॉक्टरच्या अपॉइंटमेंटचं ॲप, त्यात वेळेसमोर 'मोफत' लिहिलेलं, मूळ शब्द 'फ्री', म्हणजे ती वेळ मोकळी आहे. पेशंट हे मोफत समजून गेला तर भांडण कुणी निस्तरायचं? असं सुधारायला कधी कधी नव्याने करण्याएवढाच वेळ जातो आणि पैसे ४० पैसे. माझं उत्पन्न त्या वर्षी जवळजवळ निम्म्यावर आलं. मला याचा राग येतो, अजून येतो. माझ्या ओळखीच्या तिघींनी काम सोडलं, त्यातली एक माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं मराठी लिहायची.

मी सुधारणेचं काम शब्दावर घेणं बंद केलं, तासावर घेते. निम्मे नाही म्हणतात, निम्मे देतात. शेती, आरोग्य, मासेमारी असली कामं धरून ठेवलीत, जिथे चुकीचा शब्द गेला तर कुणाचं तरी खरंच नुकसान होतं आणि देणाऱ्याला ते माहीत असतं. मासेमारीच्या हवामान सूचनांचं काम होतं तेव्हा बंदरावर जाऊन दोन दिवस तांडेलांशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांशी, बोलले, वाऱ्यांची नावंच वेगळी, उपरचा वारा, खालचा वारा, ते कुठल्या शब्दकोशात बघणार.

आत्ता जून लागलाय. वाडीत फायबर आलीय, पण सकाळपासून लाईट नाही, इन्व्हर्टरवर लिहितेय. माझी दोन इन्व्हॉइसं बाकी आहेत, एकाला आज ३८ वा दिवस, आणि बाबांची वाशीची एक पट्टी यायचीय मे मधली. आईने आगोटीची यादी दोघांसमोर ठेवलीय, तांदूळ या खेपेला माझ्याकडे आहेत. १,४०० शब्द राहिलेत, ते संध्याकाळच्या आत पाठवायचेत.